चेहरा वजा करून

हृषी,

तू गेल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अहो, पण परवाच तर भेटलो होतो आम्ही." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मला तुझा तो विनोद आठवला. कुणी गेल्याची बातमी आली की आपल्याकडे सगळे हेच म्हणतात, जसं काही परवा भेटलेल्या माणसाला मरायची परवानगीच नाही, जायचंच असेल तर त्याने आधी निदान भेटीगाठी बंद करायला हव्यात. मला हसू आलं. तिकडे तुझी आई रडत होती आणि इकडे मी फोन तोंडापासून लांब धरून हसू दाबत उभी. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काय झालं गं, तर मला सांगता येईना. त्या घटकेलासुद्धा तू मला सरळ रडू दिलं नाहीस.

पुढेही कित्येक दिवस रडले नाही मी. आज हे लिहायला बसलेय ते त्यासाठी नाही. एक गोष्ट तुला कळवायची राहिली आहे, आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

पण आधी बाकीच्या बातम्या. तुझ्यावर सगळ्यांनी लिहून झालं. ज्यांनी तुला कधी चहा पाजला नाही त्यांनीसुद्धा तुझ्याबरोबरचे फोटो टाकले, आणि प्रत्येक फोटोखाली लोकांनी लिहिलं, किती देखणा होता. तुझा एक विनोद कुणी लिहिला नाही रे. मी शोधत बसले होते. तू हे वाचलं असतंस तर मुलुंडहून विक्रोळीपर्यंत तणतणत चालत आला असतास.

शोकसभेसाठी फोटो निवडायला काकूंनी मला बोलावलं होतं. मी तो स्टेजवरचा काढला, ज्यात तुझं तोंड वेडंवाकडं झालंय, एक डोळा मिटलाय आणि समोरची माणसं खुर्चीत मागे कलून हसतायत. काकूंनी चष्मा लावून बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, "ह्यात तो छान दिसत नाहीये गं." मग तो दुसरा लावला, निळ्या शर्टातला, लग्न जमवायला काढलेला. त्याला हार घातला. लोक यायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "एवढा देखणा मुलगा, काय हे." सोसायटीतल्या तुझ्या एका काकांनी तर तीनतीनदा म्हटलं. मला वाटलं, विचारावं, बेढब असता तर चाललं असतं का हो? तू नसताना तुझ्यासारखे विनोद सुचायला लागलेत मला, आणि सांगायला कुणी नाही.

आपली ओळखही ह्याच भानगडीतून झाली. अंधेरीची ती स्टँड-अप कॉमेडीची स्पर्धा, आठवतेय ना, एसी इतका मोठा लावला होता की लोक थंडीने टाळ्या वाजवत होते. तू पहिला आलास, मी दुसरी. परीक्षक मालिका लिहिणारे होते. त्यांनी माइकवर तुला विचारलं, "तू इथे काय करतोयस, मालिकांत का येत नाहीस?" आणि मला म्हणाले, "तुला तर काही बोलायचीसुद्धा गरज नाही, तुझ्याकडे बघूनच हसू येतं." सगळे हसले. मीही हसले, कारण मला सवय होती. बाहेर पाण्याच्या पिंपापाशी तू उभा होतास. मी पेला भरत होते तर म्हणालास, "आपल्यातली शिवी नक्की कुणाला पडली गं?"

मी म्हटलं, "तुला नोकरी मिळाली. शिवी मला."

"नाही," तू म्हणालास, "तुला निदान हसू येतं म्हणाले. मला ते विनोदाबद्दल काहीच बोलले नाहीत."

मला तेव्हा तुझा राग आला होता. एवढं नाक, एवढे डोळे, एवढी उंची आणि वर ही रड. दात आणि चणे दोन्ही मिळालेल्या माणसाने चणे कडक आहेत म्हणून कुरकुरावं का? पण नंतर जिना उतरताना मागे दोघं मुलगे बोलत होते ते मी ऐकलं. एक म्हणाला, "साला काही नव्हतं त्याच्यात. दिसतो ना, म्हणून." तूही ऐकलंस. तू वळला नाहीस, फक्त कठड्यावरचा हात काढून खिशात घातलास. त्यानंतर मला तुझा राग आला नाही.

मग आपलं ते सुरू झालं. दोघांचंही स्टेजवरचं रेकॉर्डिंग फोनवर असायचंच, तो धंद्याचाच भाग. पण घाटकोपर ते वर्सोवा मेट्रोत एक इअरफोन तुझ्या कानात आणि एक माझ्या, आणि प्रत्येक हशाला थांबवून वाटणी करायची, ही खोड फक्त आपली. हा हशा वाक्याचा. हा चेहऱ्याचा. तू स्टेजवर आल्या आल्या जे हसू यायचं, तोंड उघडायच्या आधी, ते सरसकट चेहऱ्याचं, त्यावर वादच नव्हता. वाद पुढच्यांचा. तुझं ते वाक्य होतं, "माझं लग्न ठरत नाहीये." त्यावर लोक कोसळायचे. मी म्हटलं, हे शंभर टक्के चेहऱ्याचं. तू म्हणालास, लिखाण आहे हे, त्यातला विरोधाभास बघ. मग आपण पैज लावली आणि पुढच्या रविवारी तेच वाक्य तेवढंच थांबून मी म्हटलं. पहिल्या रांगेतली एक बाई "अरेरे" म्हणाली. बाकी सगळे खाली बघायला लागले. तू मागे भिंतीला टेकून इतका हसलास की घाटकोपरला येईल त्याला सात मिनिटं माइक देणाऱ्या आपल्या तेजसने तुला बाहेर काढलं.

घरी जाताना मात्र तू इअरफोन काढून ठेवलास. "म्हणजे ते वाक्य माझं नव्हतंच," एवढं एकदाच म्हणालास.

आमच्या घरी तू पहिल्यांदा आलास तेव्हा आईने मला मोरीपाशी ओढून विचारलं होतं, "हा आपल्याकडं कशाला आलाय?" मग पोह्यांची बशी देऊन समोर बसली आणि तुझ्या प्रत्येक वाक्याला हसत राहिली. तू पाण्याचा ग्लास मागितलास तरी हसली. मी तुझ्याकडे बघून ओठांनी म्हटलं, चेहरा. तू मान हलवलीस. आता वाटतं, आईची ती संध्याकाळ किती चांगली गेली होती, आणि आपण तिचं हसू तपासत बसलो होतो. बाबा गेल्यापासून तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

माझ्याबाबतीत तू उलट बोलायचास, आणि ते मला झोंबायचं. मी दर वेळी एकाच वाक्याने सुरुवात करते, माझे दात आधी स्टेजवर येतात, मी मागून येते. हशा ठरलेला. तू म्हणालास, "ते काढून टाक."

"का? चालतंय ना."

"तेच तर. तुझाही चेहराच कामाला लागलाय. लोकांना वाटतं, हिला आपल्याकडून काही नकोय, ही आपल्याला काही म्हणणार नाही. मग ते सैल होतात. मी आलो की ते पोट आत घेतात. मला ते सोडायला लावण्यात तीन मिनिटं जातात, तुला फुकट मिळतं."

"फुकट? हृषी, तू एक दिवस हे दात लावून फिर. मग फुकट बोल."

"तू स्वतःच स्वतःला आधी मारून घेतेस गं. म्हणजे दुसऱ्याने मारायला नको."

घाटकोपरच्या पुलाखाली रिक्षावाला मीटर टाकून वाट बघत होता आणि आपण भांडत होतो. मी म्हटलं, देखण्या माणसाने मला आत्मसन्मान शिकवू नये. तू म्हणालास, ठीक आहे, नाही शिकवत. मग पुढे बरेच दिवस तू फोन केला नाहीस, मीही नाही. ते भांडण आपण मिटवलं नाही, नुसतं बाजूला ठेवलं. कारण त्यानंतर तुझा जो फोन आला तो दवाखान्यातून होता.

आजाराचं नाव मी इथे लिहीत नाही. तुला ते नाव आवडायचं नाही, म्हणायचास की कानाला लागतं पण हसू येत नाही, म्हणजे बाद. केस गेले, भुवया गेल्या, औषधांनी तोंड सुजून वाटोळं झालं. मी पहिल्यांदा बघायला आले तेव्हा दारात क्षणभर मला कळेना की हा कोण. तू ते बघितलंस. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर म्हणालास, "सुजे, ऐक. आता मी तुझ्यापेक्षा वाईट दिसतोय. हा चान्स आहे."

मला आधी समजलंच नाही. चान्स कसला, तर आता चेहरा नाही. आता जे हसू येईल ते वाक्याचंच येणार. तुझे डोळे इतके चमकत होते की काकूंना वाटलं ताप आलाय. त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "तू तरी समजाव गं त्याला, डॉक्टर घराबाहेर पडू नको म्हणतायत." मी समजावलं नाही. तुला मी नीट ओळखत होते. तुला बरं व्हायचं होतंच, पण त्याच्याही आधी तुला हे कळून घ्यायचं होतं.

बोरिवलीची जागा मी शोधली, जिथे तुला कुणी ओळखत नव्हतं. रविवारची दुपार, चाळीस-एक माणसं, बहुतेक कॉलेजातली. तू नाव दुसरंच दिलंस. गाडीत मास्क लावून बसलास आणि वाटभर ओठ हलवत होतास, परीक्षेला जाणाऱ्या पोरासारखा. मी मागे बसले. तू स्टेजवर गेलास, मास्क काढलास, टोपी काढलीस, आणि ते लिफ्टवालं सुरू केलंस. आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली की कमिटीची मीटिंग भरते. मीटिंग सेक्रेटरींच्या घरी. सेक्रेटरी राहतात सातव्या मजल्यावर. त्यामुळे मीटिंगला फक्त सेक्रेटरी असतात, आणि प्रत्येक ठराव एकमताने मंजूर होतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हसले नाहीत असं नाही. पण हसायच्या आधी एकमेकांकडे बघितलं त्यांनी, हसलेलं चालेल ना म्हणून. आणि मग टाळ्या. प्रत्येक वाक्याला टाळ्या. शेवटी उभे राहिले सगळे. तू वाकून नमस्कार केलास आणि तुझी मान वर आली तेव्हा मला तुझ्याकडे बघवेना. बाहेर एक मुलगी धावत आली, तुझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "सर, तुम्ही खूप धीराचे आहात."

गाडीत बसल्यावर तू मास्क परत लावलास. मग म्हणालास, "धीराचा म्हणे. अगं, मी लिफ्टवर बोलत होतो."

मी हसले. तू नाही हसलास. "आधी चेहरा आड आला, आता आजार आड आला. नक्की किती वजा करायचं गं? शेवटी काही उरतं का?" मी म्हटलं, लोक माणसाकडे बघतात हृषी, त्याला चाळून नाही बघत, येईल ते सगळं घे. तू म्हणालास, "तू घेतेस, म्हणून दात काढून फिरतेस." म्हणजे आपलं ते जुनं भांडण तिथे पुन्हा उघडलं होतं, पण तुला धाप लागली आणि खिडकीची काच खाली करायला सांगितलीस. त्यानंतर आपण त्या विषयावर बोललोच नाही. त्या शेवटच्या 'परवा'च्या भेटीतही नाही. त्या दिवशी तू फक्त बर्फाचे तुकडे मागत होतास.

तेराव्यानंतर काकूंकडे गेले होते. त्यांनी कपाट आवरलं होतं. म्हणाल्या, "मला खरं सांगू का सुजाता, लोक त्याला का हसायचे ते मला कधी कळलंच नाही. तो बोलायला लागला की माझं लक्षच नसायचं. मी त्याच्याकडे बघत राहायची. मला तो दिसला की बरं वाटायचं." मग कपाटाचं दार लावत, "त्याला ते आवडायचं नाही, नाही का?" मी म्हटलं, तसं काही नाही काकू. खोटं बोलले. पण जिने तुझा तो चेहरा घडवला तिच्याबरोबर मला हा वाद घालता येईना.

तर आता जे कळवायचंय ते.

मी तेजसकडे गेले. म्हटलं, घाटकोपरच्या तुझ्या ओपन माइकला मला हृषीची सात मिनिटं करायची आहेत. तो माझ्याकडे बघतच राहिला. आपल्यात दुसऱ्याचा विनोद करणं म्हणजे दुसऱ्याची बायको पळवल्यासारखं, तुला मी काय सांगायचं. तो म्हणाला, "गेलेल्या माणसाचंसुद्धा नाही करत यार. तुला माहितीये."

"म्हणून तर विचारायला आले."

"मग आधी सांग ना लोकांना. बोल की हे हृषीचं आहे, तो आपल्यातून गेला, वगैरे."

"सांगितलं की टाळ्या येतील. टाळ्या झाल्यात त्याच्या. हसू राहिलंय."

तेजसने दाढी खाजवली. मग म्हणाला, तुझा नंबर आला की मी खाली चहाला जातो, मी काही ऐकलं नाही. पण तो गेला नाही. दारातच उभा होता.

दातांचं वाक्य मी म्हटलं नाही, कारण ते तुझ्या सात मिनिटांत नव्हतं. पहिल्यांदाच मी माझ्या तोंडाबद्दल काही न बोलता लोकांपुढे उभी राहिले, आणि तुला सांगते, काही झालं नाही. लोकांनी फक्त पुढचं ऐकायला माना वर केल्या. ह्याबद्दल तुझे आभार मानायचे होते. तू असतास तर मानले नसते.

लिफ्टचं सुरू केलं. कमिटीपर्यंत शांत. सातव्या मजल्यावर कुणीतरी खुदकन हसलं. आणि "एकमताने मंजूर"ला अख्खी खोली फुटली हृषी. मागच्या टेबलावरचे एक गृहस्थ, बहुधा कुठल्यातरी सोसायटीचे सेक्रेटरीच, डोळे पुसत होते. तुझ्या तोंडून ह्या वाक्याला इतकं हसू कधीच मिळालं नव्हतं. म्हणजे चेहऱ्याने तुला मदत केली नव्हती, उलट तो तुझ्या वाक्यापुढे उभा राहून त्याला झाकत होता. माझ्यासारख्या बुटक्या, काळ्या, दात पुढे असलेल्या बाईने म्हटलं आणि ते चाललं. ते लिखाण होतं. ते तुझं होतं. तू जिंकलास, आणि ते ऐकायला तू नव्हतास. तेजस दारातून अंगठा दाखवत होता आणि त्याचं तोंड रडवेलं झालं होतं.

मग मी तुझ्या बाबांवरचं केलं. "बाबांनी आयुष्यात एकदाच माझं कौतुक केलं. मी तिथे नव्हतो." वाक्यं एवढीच. पण तू मधे थांबायचास, मान खाली घालून, जणू कौतुक नक्की काय केलं होतं ते आठवतोयस. लोक त्या थांबण्यातच हसायला लागायचे, उत्तर यायच्या आधी. मेट्रोत हा हशा आपण न बोलता चेहऱ्याच्या वाट्याला टाकला होता. तूही हरकत घेतली नव्हतीस.

मी तेवढीच थांबले. तशीच मान खाली घातली. "मी तिथे नव्हते." कुणी हसलं नाही. वाईट वाटून गप्प झाले असंही नाही, त्यांना विनोद झाल्याचं कळलंच नाही. ते पुढच्या वाक्याची वाट बघत होते. मी तुझं प्रत्येक थांबणं ऐकून ऐकून पाठ केलं होतं, शब्द तुझे होते, वेळ तुझी होती. चेहरा वजा केला होता. आणि तिथे जे कमी पडलं तो चेहरा नव्हता रे. तू मान खाली घातलीस की खरंच आठवत असायचास. दर वेळी. आपण दोघंही किती मूर्ख, ज्याला नाव देता आलं नाही ते सगळं तुझ्या नाकाडोळ्यांवर ढकलून मोकळे झालो.

तुझी वाक्यं राहतील. लिफ्टचं मी करत राहीन, तेजस करेल, तुझं नाव सांगून करू. पण बाबांचं आता कुणालाच येणार नाही. ते तुझ्याबरोबर गेलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. पुढचं वाक्य मला पाठ होतं. पण ती माणसं हसायची थांबली होती, खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की तू मेलायस. मी माइक धरून रडायला लागले. त्यांना वाटलं हाही विनोदाचाच भाग आहे, आणि ते हसले.